कुत्र्यासोबत बोटीची सुट्टी: नदी निवडताना आधी काठ बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही लंडनच्या पश्चिमेला राहता आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सात दिवस बोट भाड्याने घ्यायची आहे. बरोबर दोन मुलं आहेत, कोल्हापूरहून आलेल्या सासूबाई आहेत (त्यांचे गुडघे दुखतात), आणि शेरू आहे, पाच वर्षांचा ३२ किलोचा लॅब्राडोर. बोट याआधी कुणीच चालवलेली नाही. नवऱ्याला नॉर्फोक ब्रॉड्सला (पूर्व इंग्लंडमधला नद्या-तळ्यांचा सपाट प्रदेश) जायचंय कारण तिथे लॉक नाहीत (लॉक म्हणजे दोन्हीकडे दारं असलेला हौद, त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट नदीच्या वरच्या-खालच्या पातळीवर नेतात), तुमचं मन थेम्सकडे ओढतंय. आणि तुम्ही विचारलंय, ‘कुत्र्याला घेऊन जायला खरंच चांगली नदी कोणती?’

मी रेडिंगजवळ राहते. २००८ पासून आमची छोटी नॅरोबोट (कालव्यांवरची लांबट, अरुंद बोट) आहे, आणि गेले सात उन्हाळे मी थेम्सवरच्या एका लॉकवर स्वयंसेवक म्हणून मदत करते. आधी काळू आणि आता चिनी, अशी दोन कुत्री या पाण्यावर आमच्याबरोबर वाढली. लॉकवर उभं राहिलं की दिवसाला कितीतरी कुटुंबं कुत्र्यांसकट समोरून जातात. कोणती मजेत आहेत आणि कोणती मेटाकुटीला आलीत, हे बोट आत शिरतानाच कळतं.

माहितीपत्रकांत जे ‘डॉग-फ्रेंडली’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ एवढाच, की बोटीवर कुत्रा चालतो आणि वाटेतल्या पबमध्ये त्याला आत घेतात. इंग्लंडमध्ये हे जवळजवळ सगळीकडे असतं, त्यामुळे त्यावरून नदी निवडता येत नाही. तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे: शेरूचे चार पाय दिवसातून किती वेळा, आणि किती सहज, जमिनीला लागतील? घरात नीट वळण लागलेला कुत्रा बोटीच्या डेकवर लघवी करत नाही. तो धरून ठेवतो, मग अस्वस्थ होतो, मग भुंकायला लागतो, आणि आपल्याला वाटतं त्याला बोट आवडत नाही. सकाळी उठल्यावर, दुपारी, संध्याकाळी आणि झोपण्याआधी तर उतरायला हवंच. दिवसाही तीन-चार तासांपेक्षा जास्त वेळ सलग पाण्यावर नको. म्हणून मी नदी निवडताना पाणी नंतर बघते, आधी काठ बघते.

आपल्याकडे नदी म्हटलं की डोळ्यासमोर घाट येतो. मी मूळची वाईची. कृष्णेवर जिथे जाल तिथे पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत पोचता येतं. माणूस, गाय, कुत्रा, सगळे त्याच पायऱ्यांनी ये-जा करतात. इथे तसं नाही. इथले काठ तीन प्रकारचे. एक, उतरता गवताळ काठ, कुत्र्यासाठी उत्तम. दोन, लव्हाळ्याचा दलदलीचा काठ, तिथे बोटच टेकत नाही. तीन, माती ढासळू नये म्हणून लोखंडी पत्रे उभे ठोकून केलेला काठ. या तिसऱ्यावर बोट बांधायला सोपं जातं, पण कुत्रा पाण्यात पडला तर त्याला तिथून वर येता येत नाही.

हे मी काळूमुळे शिकले. केनेट नदीवर, न्यूबरीच्या अलीकडे, संध्याकाळी बोट बांधत होतो. काळूने बोटीवरून काठावर उडी मारली, मागचे पाय घसरले आणि तो बोट नि पत्र्याच्या मधल्या फटीत पडला. पोहायला तो पटाईत होता, बुडण्याची भीती नव्हती. पण तो पत्र्याच्या कडेकडेने पोहत राहिला आणि पुढचे पंजे वर टाकून चढू बघायला लागला. नखं पत्र्यावरून खाली घसरतानाचा तो आवाज माझ्या अजून कानात आहे. पंधरा-वीस मीटर गेल्यावर तो दमला. नवरा पोटावर आडवा झाला, बोटीच्या आकडीचं टोक काळूच्या लाइफ जॅकेटच्या पाठीवरच्या मुठीत अडकवलं आणि त्याला ओढून घेतलं. जॅकेट नसतं तर ओल्या मानेला नुसत्या पट्ट्याने उचलावं लागलं असतं, आणि ३० किलोच्या कुत्र्याचं काय झालं असतं ते बोलवत नाही. म्हणून नदी कुठलीही निवडा, पाठीवर घट्ट शिवलेली मूठ असलेलं लाइफ जॅकेट शेरूला हवंच. तो पोहतो की नाही याचा इथे संबंध नाही. जॅकेट घरी आणल्यावर ती मूठ धरून त्याला एकदा जमिनीवरून चार बोटं उचलून बघा. शिवण करकरली तर परत करा.

आता तुमच्या दोन नद्या.

थेम्सबद्दल नवऱ्याची शंका लॉकची आहे, आणि पहिल्यांदा बोट घेणाऱ्याला ती वाटणं साहजिक आहे. पण कुत्रा बरोबर असेल तर लॉक हा अडथळा राहत नाही, तो थांबा होतो. लेचलेडपासून टेडिंग्टनपर्यंत सुमारे १२५ मैलांत ४५ लॉक आहेत, म्हणजे सरासरी तीन मैलांच्या आत एक. टेडिंग्टनच्या वर (म्हणजे उगमाच्या बाजूला) वेगमर्यादा ताशी ८ किलोमीटर. आरामात गेलात तर पाऊण तासाला एक लॉक येतो. लॉकच्या आधी आणि नंतर बोटी थांबायला धक्का असतो, बहुतेक ठिकाणी गवत असतं, बऱ्याच ठिकाणी पिण्याच्या पाण्याचा नळही असतो. तुमची पाळी येईपर्यंत एकजण शेरूला पट्ट्यावर घेऊन उतरतो, पाच मिनिटं फिरवतो, परत आणतो. हा धक्का रांगेत थांबण्यासाठी आहे, त्यामुळे तिथे बोट लावून लांब फेरफटका मारता येत नाही. पण लघवीपुरतं तर नक्की होतं. लॉक चालवायचं म्हणाल तर ऑक्सफर्डच्या खाली बहुतेक लॉक बटणावर चालतात, आणि उन्हाळ्यात दिवसा लॉककीपर किंवा आमच्यासारखे स्वयंसेवक पुष्कळदा असतात. तुम्हाला दोर धरायचे आणि इंजिन बंद करायचं, एवढंच काम. ऑक्सफर्डच्या वर किंग्ज लॉकपासून पुढचे लॉक हाताने चालवायचे आहेत. ते जड नाहीत, पण तिथे दोन धडधाकट माणसं मोकळी हवीत.

थेम्सचा दुसरा फायदा म्हणजे काठाची वाट. पूर्वी घोडे दोर लावून बोटी ओढायचे, त्यांच्यासाठी ही वाट होती. १९९६ पासून तिला थेम्स पाथ म्हणून राष्ट्रीय पदयात्रा-मार्गाचा दर्जा आहे. बोटीचा वेग आणि माणसाच्या चालण्याचा वेग यांत फार फरक नाही. त्यामुळे एका लॉकवर तुम्ही आणि मोठा मुलगा शेरूला घेऊन उतरायचं, पुढच्या लॉकपर्यंत चालायचं, आणि नवऱ्याने बोट आणायची. बोट लॉकमध्ये शिरेपर्यंत तुम्ही पोचलेले असता. असे रोज दोन टप्पे चाललात तर लॅब्राडोरची रग जिरते आणि उरलेला दिवस तो पाय पसरून झोपतो. मात्र ही वाट एकाच काठाने सलग जात नाही. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, आणि पूर्वी जिथे नावेतून पलीकडे जायचे तिथे आता आतल्या रस्त्याने वळसा पडतो. चालायला उतरण्याआधी नकाशात दोन गोष्टी बघा: वाट तुम्ही उतरताय त्याच काठाला आहे ना, आणि पुढचा लॉक किती लांब आहे. बेन्सन आणि क्लीव्ह या दोन लॉकांमधलं अंतर साडेसहा मैल आहे, या भागातलं सगळ्यात लांब. तिथे मुलाला ‘पुढच्या लॉकपर्यंत चालू’ म्हणालात तर अडीच तासांनी दोघं थकून बसलेले सापडतील. उलट क्लीव्ह ते गोरिंग हे अंतर इतकं कमी आहे की त्या टप्प्याला शेरूला बोटीत परत चढवायचीही गरज नाही.

पण थेम्स सगळीकडे सारखी नाही. रेडिंगच्या खाली हेन्ली, मार्लो, विंडसर हा भाग देखणा आहे, पण काठावर खाजगी बागा, लोखंडी पत्रे, आणि जुलैत बोटींची दाटी. हेन्लीची मोठी वल्ह्यांची शर्यत जून संपता-जुलै लागता असते, तिची गर्दी तुम्ही जाल तेव्हाही पूर्ण ओसरलेली नसेल. शेरूला घेऊन मी रेडिंगहून वर जाईन: पँगबोर्न, गोरिंग, वॉलिंगफर्ड, मग डेज लॉक, ॲबिंग्डन. डेज लॉकला बोट बांधून विटनम क्लंप्सच्या टेकडीवर जाता येतं, तासाभराची छान चढण आहे. ॲबिंग्डनला पुलाजवळच कुरण आहे आणि सासूबाईंना गाव बघायला बोटीतून उतरून चार पावलंच चालावं लागेल. तब्येत आणि वेळ असेल तर ऑक्सफर्ड. त्याच्याही पुढे जायचं असेल तर बोट घेतानाच सांगा, कारण ऑक्सफर्डमधल्या ऑस्नीच्या पुलाखाली उंची जेमतेम साडेसात फूट आहे आणि मोठ्या क्रूझर बोटी तिथून पुढे जातच नाहीत.

ऑस्नीच्या वरची थेम्स ही कुत्र्यांसाठी माझी सगळ्यात आवडती जागा. गावं विरळ, काठ मातीचे, आणि मधून मधून गुरं पाण्यावर उतरून उतरून काठाला पडलेले उतार. गुरांच्या खुरांनी माती झिजून पायऱ्या-पायऱ्यांसारखी झालेली असते, खाली रेती आणि घोटाभर पाणी. मला तिथे दरवेळी वाईचा घाट आठवतो. चिनीला पाण्यात उतरवायचं ते अशाच जागी, कारण जिथून ती उतरते तिथूनच तिला वर येता येतं. पण तिथे गुरंही येतात, त्याबद्दल पुढे लिहिते.

ब्रॉड्सला मी कमी लेखत नाही. सुमारे १२५ मैल पाणी, आणि ऊल्टन ब्रॉडचा मटफर्ड लॉक सोडला तर लॉक नाही. ती तळी मध्ययुगात लोकांनी जळणासाठी पीट (कुजलेल्या वनस्पतींची जळाऊ माती) खणून काढलं त्या खड्ड्यांत पाणी भरून झालेली आहेत, त्यामुळे सगळं सपाट, उथळ, आभाळ मोठं. सासूबाईंना खुर्चीवर बसून तासन् तास पक्षी बघायचे असतील तर ब्रॉड्ससारखी जागा नाही. अडचण शेरूची आहे. तिथे घोड्यांची सलग वाट कधी नव्हतीच, कारण मालाच्या बोटी शिडावर चालायच्या. मैलोन् मैल दोन्हीकडे लव्हाळी. ठरवलेल्या जागी लाकडी धक्का असतो, त्यामागे गवताची पट्टी, आणि अनेक ठिकाणी त्यापुढे पाण्याचा चर. तीस पावलांत फिरणं संपतं. त्या चरांवर बारीक हिरवी पानं इतकी दाट पसरलेली असतात की कुत्र्याला ती हिरवळ वाटते आणि तो सरळ पाय टाकतो. शिवाय जमिनीवर घरटी करणारे पक्षी असल्यामुळे बऱ्याच राखीव जागांत कुत्र्यांना प्रवेश नाही किंवा पट्टा सक्तीचा आहे. खालच्या भागात, विशेषतः ग्रेट यारमथकडे, भरती-ओहोटीचा जोर असतो. संध्याकाळी धक्क्याच्या बरोबरीने बांधलेली बोट पहाटे खूप खाली गेलेली असते आणि झोपेतून उठलेल्या कुत्र्याला भिंत चढायला लावावी लागते.

तरीही ब्रॉड्सच ठरलं, तर वरच्या नद्यांमध्ये राहा, आणि मुक्कामाच्या जागा पायवाटेवरून निवडा. ॲन्ट नदीवर हाऊ हिलला उतरून चालायला जागा आहे. दक्षिणेला येअरच्या कडेने व्हेरीमन्स वे नावाची नॉरिच ते ग्रेट यारमथ पायवाट जाते, आणि वेव्हनीवर बेकल्सला गावाबाहेर मोकळी कुरणं आहेत. शांत, म्हातारा, थोडं फिरून समाधानी असणारा कुत्रा असता तर मी तुम्हाला डोळे मिटून ब्रॉड्स सांगितलं असतं. पाच वर्षांच्या लॅब्राडोरला मात्र पाय मोकळे करायला जागा लागते.

तुम्ही विचारला नाहीत, पण तिसरा पर्याय तुमच्या घराजवळच आहे: वे नदी. वेब्रिजला थेम्सला मिळते ती. १६५३ साली ती बोटींसाठी खुली झाली, १७६४ मध्ये गोडाल्मिंगपर्यंत वाढवली, आणि आज नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. सगळी मिळून जेमतेम २० मैल, पण त्या सगळ्या २० मैलांत काठाने वाट आहे, बरीचशी झाडांच्या सावलीतून. जुलैच्या उन्हात काळ्या किंवा तपकिरी कुत्र्याला ही सावली फार मोलाची. लॉक हाताने चालवायचे आणि जड आहेत, आणि बोट बहुधा नॅरोबोटच मिळेल. सात दिवसांना ही नदी थोडी पडते, पण चार दिवसांच्या पहिल्या सहलीला मी बहुतेक कुत्रेवाल्यांना हीच सांगते. कालव्यांचंही तसंच: केनेट अँड एव्हन रेडिंगहून ब्रिस्टलकडे ८७ मैल जातो आणि त्यालाही काठाची वाट आहे, पण १०५ लॉक. डेव्हायझेसला तर एकाखाली एक २९. तुमच्या घरात दोर ओढायला दोनच मोठी माणसं मोकळी आहेत, त्यामुळे हा आता नको.

सेव्हर्न नदी मी कुत्र्यासोबत टाळते. पाणी खोल, काठ उंच, आणि बोट बांधायच्या जागा लांब लांब. टेडिंग्टनच्या खालच्या भरतीच्या थेम्सवरही कुत्र्याची सुट्टी होत नाही.

नदीइतकीच महत्त्वाची बोट. इथे सासूबाई आणि शेरू यांच्या गरजा एकमेकींना छेद देतात, आणि उत्तर तुमच्या घरातल्या परिस्थितीवर ठरेल. नॅरोबोटीचा पुढचा डेक खोलगट आणि काठाच्या जवळजवळ बरोबरीचा असतो, कुत्रा सहज पाय टाकून उतरतो. पण आत जायच्या पायऱ्या उभ्या आणि अरुंद असतात, दुखऱ्या गुडघ्यांना त्रास होतो. थेम्सवरच्या रुंद क्रूझरमध्ये बसायला ऐसपैस, छप्पर सरकतं, सासूबाई सगळ्यांबरोबर बसून राहू शकतात. पण बाजू उंच असते आणि कडेची चालायची पट्टी वीतभर. तिथे ३२ किलोचा कुत्रा रोज दहा वेळा उचलावा लागला तर तिसऱ्या दिवशी तुमची पाठ धरेल. म्हणून बुकिंगच्या आधी एक करा: गाडीची डिकी उघडा आणि शेरू स्वतः उडी मारून चढतो का आणि न कचरता उतरतो का ते बघा. तो ते सहज करत असेल तर बऱ्याचशा क्रूझर त्याला जमतील. अडखळत असेल तर बोटयार्डाला फोन करून विचारा की काठापासून डेक किती उंच आहे आणि आत किती पायऱ्या आहेत, सेंटिमीटरमध्ये. ‘आमच्याकडे कुत्री नेहमी येतात’ एवढ्यावर फोन ठेवू नका. कुत्र्याचे वेगळे पैसे किती आणि तो कुठे झोपलेला चालतो, हेही तेव्हाच विचारून घ्या.

लॉकमध्ये शेरू कुठे असेल हे घरीच ठरवा आणि सात दिवस तेच पाळा. एक तर केबिनमध्ये दार लावून, नाहीतर काठावर एका मोठ्या माणसाच्या हातात. बोटीला किंवा काठावरच्या खांबाला बांधून कधीही नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या लॉकमध्ये एका कुटुंबाने आपल्या स्पॅनियल कुत्र्याचा पट्टा लॉकच्या कठड्याला अडकवला आणि स्वतः दोर सांभाळायला बोटीत उतरले. पाणी खाली जायला लागलं, बोट खाली गेली, आणि आपली माणसं दूर चालली हे बघून ते पिल्लू कडेवरून खाली झेपावलं. सुदैवाने मी दोन हातांवर होते, पट्टा धरून वर ओढलं. पाच सेकंद उशीर झाला असता तर ते फासाला लटकलं असतं. ती माणसं अगदी काळजी घेणारी होती, फक्त पाण्याबरोबर बोट खाली जाते हे त्या क्षणी लक्षात राहिलं नाही. हातात दोर आला की सगळ्यांचंच असं होतं, म्हणून आधी ठरवायचं. तसंच, कुत्रा पाण्यात पडला तर पहिलं काम इंजिन बंद करणं. मागे पंखा फिरत असतो. आणि मुलांना आत्तापासून सांगून ठेवा की शेरूमागे पाण्यात उडी मारायची नाही, आणि जॅकेट त्यांच्याही अंगात हवं.

पाण्याबद्दल तीन गोष्टी. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात ज्या लेप्टोची भीती असते तोच आजार इथल्या नद्यांतही उंदरांच्या लघवीतून पसरतो. शेरूची लेप्टोची लस वर्षाच्या आत झालेली आहे का ते बघा, नसेल तर वेळ हाताशी ठेवून लवकरात लवकर व्हेटकडे जा. दुसरं, गरमीत थांबलेल्या पाण्यावर निळंहिरवं शेवाळ येतं. हिरवा रंग सांडल्यासारखी साय काठाशी, वारा जिकडे वाहतो त्या बाजूला साचते. त्यावर उतारा नाही आणि कुत्र्याला ते काही तासांत मारू शकतं. तळी आणि संथ पाण्यात धोका जास्त, वाहत्या थेम्समध्ये कमी. साय दिसली की पाण्यात नाही, पाणी पिणंही नाही. तिसरं, मोठ्या पावसानंतर सांडपाणी नदीत सोडलं जातं, तेव्हा दोन-तीन दिवस पोहणं बंद. ऑक्सफर्डच्या पोर्ट मेडोजवळचा वुल्व्हरकोटचा ओढा २०२२ मध्ये आंघोळीची जागा म्हणून जाहीर झाला आणि पाण्याच्या तपासणीत त्याला ‘निकृष्ट’ शेरा मिळाला, त्यावरून अंदाज येईल. शेरूला प्यायला नेहमी नळाचं पाणी द्या. बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला पाणी अगदी शांत दिसतं पण आतून ओढत असतं. तिथे काठी फेकून खेळणं अजिबात नको.

काठावर सांभाळायचं ते गळ टाकून बसणाऱ्यांचं आणि गुरांचं. नद्यांवर मासेमारी १५ मार्च ते १५ जून बंद असते, म्हणजे तुम्ही जाल तेव्हा ती जोरात असणार. कोळ्यांनी लावलेलं आमिष मांसाचं किंवा मक्याचं असतं, लॅब्राडोर ते गिळतो, आणि आत गळ असतो. एखादा माणूस छत्रीखाली बसलेला दिसला की पट्टा आखूड करा. गुरांच्या कुरणातून जाताना कळपाला लांबून वळसा घाला, आणि वासरं असतील तर दुसरी वाट शोधा. गायी मागे लागल्याच तर पट्टा सोडून द्या. त्यांचा राग कुत्र्यावर असतो, तो पळून निसटतो, तुम्हाला पळता येत नाही. खुल्या प्रवेशाच्या जमिनीवर (जिथे कुणालाही चालायची मुभा असते) १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा दोन मीटरच्या आतल्या पट्ट्यावर ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. संध्याकाळी बोटीत परतल्यावर पंज्यांच्या बोटांमध्ये आणि कानांत हात फिरवून गोचिडी आणि गवताची कुसळं बघा.

बोटीतलं स्वयंपाकघर हातभर असतं आणि शेरू तिथेच पायात घुटमळणार. सासूबाईंना मुद्दाम सांगा की कांदा, लसूण, बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी असतात. पोह्यांचा कांदा चिरताना खाली पडलेला तुकडा आपण घरी झाडून घेतो, बोटीत तो आधी कुत्रा उचलतो. लाडाने भरवलेला शिऱ्याचा घासही बेदाण्यामुळे नको.

तर तुमच्या परिस्थितीत मी काय करेन: थेम्स, रेडिंगच्या वर, ॲबिंग्डनपर्यंत जाऊन परत. शेरू डिकीत चढत असेल तर रुंद क्रूझर, नाहीतर नॅरोबोट आणि सासूबाईंसाठी पायऱ्यांना दोन्हीकडे धरायला दांडे असलेली. रोज पाण्यावर चार-साडेचार तास, त्यातले दोन टप्पे काठाने चालत. पाच दिवसांपेक्षा जास्त सुट्टी मिळत नसेल तर वे. नवऱ्याला लॉकची फारच धास्ती असेल तर एखाद्या रविवारी तुम्ही सगळे शेरूला घेऊन गोरिंगला या, तासभर लॉकवर उभं राहून बोटी आत-बाहेर जाताना बघा. शेरूलाही त्या आवाजाची ओळख होईल.

पहिल्या दिवशी बोट दुपारी ताब्यात मिळते आणि सगळ्यांना लगेच निघायची घाई असते. इंजिन बंद असताना शेरूला आधी चढवा, सगळ्या कोपऱ्यांचा वास घेऊ द्या, त्याची घरची चादर त्याच्या जागी टाका, मग एकदा उतरवून पुन्हा चढवा. त्यानंतर इंजिन. त्या दिवशी एकाच लॉकपर्यंत जा आणि गवताच्या काठाला बांधा. गळ्यातल्या बिल्ल्यावर घरच्या पत्त्याबरोबर तुमचा मोबाइल नंबर असू द्या, आणि त्या आठवड्यापुरतं बोटीचं नावही चिकटवा. हरवलेलं कुत्रं काठावर सापडलं की लॉककीपर पुढच्या लॉकला फोन करून बोटीच्या नावावरूनच तिला थांबवतो.

बोटयार्डाने बोटीचा आराखडा पाठवला की इथे टाका. डेकची उंची आणि पायऱ्या बघून सांगते.